पोवळ्यांचा संसार

जुन्या वळणाच्या घरांत दागिन्यांची पेटी उघडली म्हणजे सोन्यामोत्यांच्या जोडीला एखाददुसरा तांबड्या पोवळ्याचा मणि हटकून सांपडतो. नवरत्नांत त्याची गणना आहे. ज्योतिषी त्यास मंगळाचें रत्न म्हणतात. वैद्य त्याचें भस्म करून औषधांत घालतात. अशी ह्या वस्तूशीं आपली ओळख पिढ्यान् पिढ्यांची आहे. परंतु हिरा व माणिक खाणींतून निघतात, मोतीं शिंपल्यांत सांपडतें, मग हें पोवळें कोठून येतें व तें आहे तरी काय, असें घरांतल्या एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर वडील मंडळींपैकीं किती जणांस नीट उत्तर देतां येईल याची शंकाच आहे. संस्कृतांत ‘प्रवाल’ शब्दाचा एक अर्थ कोंवळी पालवी असा आहे. युरोपांतील पंडितही शेंकडों वर्षें पोवळ्यास समुद्रांतली वनस्पतिच समजत. पाण्यांत तें मऊ असतें व वारा लागतांच त्याचा दगड होतो, अशीही एक समजूत होती.

हा भ्रम प्रथम मोडला तो झां आंद्रे पेसोनेल ह्या फ्रेंच वैद्यानें. १७२५ च्या सुमारास आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर असतांना त्यानें ताज्या पोवळ्याची फांदी समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ठेविली व तिचें निरीक्षण केलें. ज्यांस त्या वेळचे विद्वान् पोवळ्याचीं ‘फुलें’ म्हणत, तीं निश्चळ पाण्यांत उमलत आणि स्पर्श होतांच मिटून जात. हीं फुलें नव्हत, हे जीव आहेत, असा निष्कर्ष काढून त्यानें तो पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविला. तेथील रेओम्यूर ह्या थोर निसर्गशास्त्रज्ञास ही कल्पना इतकी असंभाव्य वाटली कीं, बिचाऱ्याचें हंसें होऊं नये म्हणून त्यानें तें मत सभेपुढें मांडतांना पेसोनेलचें नांवसुद्धां घेतलें नाहीं! पुढें वीस वर्षांच्या आंतच इतर संशोधनानें पेसोनेलचें म्हणणें खरें ठरलें, आणि रेओम्यूरनेंही आपली चूक कबूल केली.

आपल्या पेटींतला मणि म्हणजे अशा जीवांच्या वसाहतीचा सांगाडा होय. तो बहुधा भूमध्य समुद्रांतला. तेथील पोवळें भारतीयांस फार प्रिय आहे, असें प्लिनी ह्या रोमन ग्रंथकारानें एकोणीसशें वर्षांपूर्वीं नमूद करून ठेविलें आहे. हें तांबडें पोवळें अंधुक उजेडांत, खडकांच्या कपारींतून वाढतें. बेटें उभारण्याचें सामर्थ्य त्याच्यांत नाहीं. तें सामर्थ्य आहे तें उष्ण समुद्रांतील त्याच्या भाऊबंदांत. त्यांचा संसार कसा चालतो, आणि आज त्यावर कोणतें संकट ओढवलें आहे, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

एका पोटाचें कुटुंब

पोवळ्याचा एकेक जीव बहुधा मोहरीपासून हरभऱ्यापर्यंतच्या दाण्याएवढा असतो. शास्त्रज्ञ त्यास पॉलिप म्हणतात. त्याचें शरीर म्हणजे एक साधी पिशवी. वरच्या टोकास तोंड आणि तोंडाभोंवतीं बारीक स्पर्शकांचें वलय. डोळे नाहींत, कान नाहींत, मेंदु नाहीं. समुद्राच्या पाण्यांत विरघळलेला चुना घेऊन तो आपल्या बुडाशीं चुनखडीचा थर घालतो आणि त्या थरावर आपण जरा वर सरकतो. हेंच त्याचें जन्मभराचें काम.

परंतु हा जीव एकटा राहत नाहीं. त्याच्या अंगास अंकुर फुटून एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत हजारों जीवांची एक वसाहत बनते, आणि ह्या सर्वांचीं शरीरें एका पातळ मांसल पडद्यानें परस्परांशीं जोडलेलीं राहतात. एकाच्या मुखांत पडलेल्या घांसाचा अंश ह्या पडद्यांतून शेजाऱ्यांपर्यंत पोंचतो. एकत्र कुटुंबांत एकाच्या मिळकतीवर साऱ्यांचा हक्क असतो असें आपण म्हणतों. येथें तर पोटच एक! जिवंत असतो तो वरचा पातळ थर मात्र. खालचा सर्व भाग पूर्वजांनीं बांधून ठेविलेला दगड. गोलाकार, भरीव जातीचीं पोवळीं वर्षास सुमारें एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांच्या जातीचीं दहा सेंटिमीटर किंवा अधिकही. झाडाच्या खोडांत जशीं वर्तुळें, तसे भरीव पोवळ्यांत वर्षावर्षाचे थर असतात, आणि ते मोजून कांहीं वसाहतींचें वय कित्येक शतकें भरलें आहे.

भाऊबंदकी मात्र येथेंही आहेच. दोन निराळ्या वसाहती वाढत वाढत एकमेकींच्या सरहद्दीस भिडल्या कीं, दिवसा निरुपद्रवी दिसणारे हे जीव रात्रीं विषारी तंतु बाहेर काढून शेजाऱ्याचें अंग जाळूं लागतात. बोटभर जागेसाठीं चाललेलें हें भांडण वर्षानुवर्षें मिटत नाहीं.

ह्या बसल्या जागेवरून न हलणाऱ्या जीवांचे विवाह होतात तरी कसे? ह्याचें उत्तर गेल्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत कोणास नीट ठाऊक नव्हतें. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारें २,३०० किलोमीटर पसरलेली प्रवाळभित्ति आहे. तेथें वर्षांतून एकदां, बहुधा नोव्हेंबर महिन्यांतील पौर्णिमेनंतरच्या थोड्या रात्रींत, अनेक जातींचीं पोवळीं जणूं एकाच मुहूर्तावर आपलीं बीजें पाण्यांत सोडतात, असें तेथील संशोधकांनीं पाहिलें. पाण्याची ऊब, चंद्राची कला आणि सूर्यास्ताची वेळ ह्या तीन खुणांनीं हा मुहूर्त साधला जातो. गुलाबी कणांनीं समुद्र भरून जातो, आणि त्यांतून निपजलेलीं पिलें प्रवाहाबरोबर वाहत जाऊन कोठें तरी कठीण खडकास चिकटतात व नवा संसार मांडतात.

अन्न देणारा भाडेकरू

येथें एक कोडें उभें राहतें. उष्ण कटिबंधांतील निळें नितळ पाणी दिसण्यांत सुंदर, परंतु अन्नाच्या दृष्टीनें तें जवळजवळ वाळवंट आहे. नितळ याचा अर्थच असा कीं त्यांत फारसें कांहीं नाहीं. मग अशा दरिद्री पाण्यांत पोवळ्यांसारखी भरभराट कशी?

उत्तर पोवळ्याच्या अंगांतच आहे. त्याच्या पेशींत अत्यंत सूक्ष्म, एकपेशीय असें शैवाल राहतें. पोवळें त्यास निवारा देतें आणि आपल्या अंगांतून निघणारा कार्बन वायु व टाकाऊ द्रव्यें पुरवितें. शैवाल सूर्यप्रकाशांत त्यांपासून साखरेसारखीं अन्नद्रव्यें तयार करतें आणि त्यांचा बहुतेक भाग घरमालकास देऊन टाकतें. पोवळ्याच्या गरजेचा शेंकडा नव्वदपर्यंत भाग अशा रीतीनें भागतो. चुनखडीचें बांधकाम झपाट्यानें होतें तेंही ह्या भाडेकरूच्या बळावर, आणि पोवळ्यांचे बहुतेक रंगही त्याच्यामुळेंच. काटकसरी गृहिणीच्या स्वयंपाकघरांत जसें कांहींच वायां जात नाहीं, तसा हा व्यवहार आहे.

शैवालास ऊन हवें. म्हणून बेटें बांधणारीं पोवळीं उथळ, स्वच्छ आणि उबदार पाण्यांतच वाढतात. आपल्या कोंकणकिनाऱ्यास मोठ्या प्रवाळभित्ति नाहींत त्याचें एक मुख्य कारण हेंच. पावसाळ्यांत सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या समुद्र गढूळ करून टाकतात. तरीही मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपास खडकांवर पोवळीं तग धरून आहेत. आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर, जेथें नद्यांचा गाळ पोंचत नाहीं, तेथें पाण्याखालीं एक विस्तीर्ण पठार आहे, त्यावर पोवळ्यांची चांगली वस्ती आहे. ह्या पठारास आंग्र्यांच्या नांवावरून ‘आंग्रिया बँक’ असें म्हणतात.

आळींतले शेजारी

समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनीं व्यापलेला नाहीं; परंतु समुद्रांतील जीवांच्या सुमारें चतुर्थांश जाती आपल्या आयुष्यांत केव्हां ना केव्हां त्यांच्या आश्रयास येतात असा अंदाज आहे. पोवळ्यांच्या फांद्या, कपारी आणि पोकळ्या म्हणजे एक दाट वस्तीची आळीच, आणि तींत प्रत्येकाचा व्यवसाय ठरलेला.

पोपटमासा हा ह्या आळींतला झाडूवाला. चोंचीसारख्या दांतांनीं तो दगडावर वाढलेलें गवतासारखें शैवाल खरवडतो. तें वाढूं दिलें तर पोवळ्यांच्या पिलांस पाय रोवण्यास जागाच उरणार नाहीं. खरवडतांना चुनखडीही पोटांत जाते. ती दळून तो पांढऱ्या रेतीच्या रूपानें बाहेर टाकतो. उष्ण समुद्रांतील ज्या शुभ्र पुळणींचें आपण कौतुक करतों, त्यांतील पुष्कळशी रेती ह्या जात्यांतून निघालेली असते. बोटाएवढा एक निळसर मासा वैद्याचा धंदा करतो. त्याच्या ठरलेल्या जागीं मोठमोठे मासे येऊन जबडा उघडून थांबतात, आणि तो निर्भयपणें त्यांच्या तोंडांत शिरून दांतांत अडकलेले कण व अंगावरचे परोपजीवी किडे वेंचून खातो. त्याचें पोट भरतें, रोग्याची पीडा जाते. म्हणून शिकारी मासेही त्यास सहसा गिळीत नाहींत.

विदूषकमासा नांवाचा नारिंगी पट्ट्यांचा मासा समुद्रपुष्प नामक विषारी जीवाच्या स्पर्शकांत घर करतो. त्याच्या कुटुंबाची रीत तर ऐकण्यासारखी आहे. घरांत सत्ता चालते ती सर्वांत मोठ्या मादीची; तिच्या खालोखाल तिचा नर; आणि बाकीचीं लहानगीं आज्ञाधारकपणें आपापल्या पायरीवर. घरधनीण मेली तर तिचा नर स्वतःच मादी बनून तिची जागा घेतो आणि लहानांतला सर्वांत मोठा त्याचा नर होतो! घर मोडूं द्यावयाचें नाहीं, हाच काय तो तेथील धर्म.

काळ्या दगडावर पांढरें बेट

आतां ह्या चिमुकल्या जीवांनीं केलेल्या मोठ्या कामाकडे वळूं. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारें २०० ते ४४० किलोमीटरांवर अरबी समुद्रांत लक्षद्वीपाचीं बेटें आहेत. बहुतेक ठिकाणीं रचना अशी: समुद्रांत पोवळ्यांचें एक मोठें कंकण, कंकणाच्या आंत उथळ हिरवट पाण्याचें सरोवर, आणि कंकणाच्या एका बाजूस रेतीचा लांबट पट्टा, तेंच वस्तीचें बेट. भूगोलांत ह्यास कंकणद्वीप म्हणतात.

खोल समुद्रांत असें कंकण उभें कसें राहिलें? पोवळीं तर उथळ पाण्यांतच वाढतात! हें कोडें चार्ल्स डार्विननें १८४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सोडविलें. प्रथम समुद्रांतून एक ज्वालामुखी डोंगर वर येतो व त्याच्या कांठाकांठानें पोवळीं वाढतात. पुढें डोंगर हळूहळू खचत जातो, पण पोवळीं त्याच वेगानें वर बांधीत जातात. शेवटीं डोंगर पाण्याखालीं नाहींसा होतो आणि त्याच्या कांठाचें कंकण तेवढें मागें राहतें. डार्विनच्या हयातींत ह्याचा पडताळा पाहतां आला नाहीं. १९५२ सालीं प्रशांत महासागरांतील एनिवेटॉक ह्या कंकणद्वीपावर भोंक पाडीत गेले, तेव्हां सुमारें १,४०० मीटर चुनखडीच्या खालीं ज्वालामुखीचा काळा दगड लागला, आणि त्या तरुण निसर्गशास्त्रज्ञाचा तर्क एकशेंदहा वर्षांनीं खरा ठरला.

लक्षद्वीपाच्या बाबतींत तर ह्या काळ्या दगडाचा आपल्याशींही संबंध आहे. सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं ज्या लाव्हाच्या लोटांनीं सह्याद्रीचा व दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण घडला, त्यांचा उगम पृथ्वीच्या पोटांतील एका तप्त स्थानांत होता. भारताची भूमि उत्तरेस सरकत गेली आणि तिच्या मागें त्या तप्त स्थानाच्या खुणांची एक रांग समुद्रतळावर उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव व चागोस हीं बेटें ज्या बुडालेल्या डोंगरांच्या रांगेवर उभीं आहेत ती हीच, असें पुष्कळ भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे रायगडाचा कातळ आणि कवरत्तीचा पाया हे एकाच घराण्यांतले म्हणावयाचे.

रोजच्या मजुरीवर उभी असलेली जमीन

लक्षद्वीपांत ३६ बेटें गणलीं गेलीं, वस्ती दहांवर. सर्व जमीन मिळून सुमारें ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या ६४,४७३. ही भूमि बहुतेक ठिकाणीं समुद्रसपाटीपासून एकदोन मीटरच उंच आहे. नदी नाहीं, डोंगर नाहीं, काळी माती नाहीं. विहिरी मात्र आहेत, व त्यांचें पाणी गोडें! पावसाचें पाणी रेतींतून झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, कारण तें हलकें असतें. ह्या गोड्या पाण्याचा थर भिंगासारखा, मध्यें जाड व कडेस पातळ असतो. आणि समुद्रास भरती आली कीं विहिरीचें पाणीही वर चढतें. उपसा अति केला तर खालचें खारें पाणी वर येतें. अशी ही सांभाळून वापरावयाची ठेव आहे.

उपजीविकेचें मुख्य साधन नारळ आणि मासेमारी. मिनिकॉय बेटावरचे कोळी जाळें न घालतां काठी व गळ यांनीं ट्यूना मासा, आपल्याकडचा कुपा, पकडतात. ही पद्धत तेथें फार जुनी असून मागाहून ती इतर बेटांवरही पसरली. प्रथम सरोवरांतून व पोवळ्यांच्या आसपासून लहान मासे जिवंत धरून होडींतल्या पाण्यांत ठेवावयाचे. मग खोल समुद्रांत कुप्यांचा थवा दिसला कीं ते मूठमूठ फेंकून थवा जवळ आणावयाचा. म्हणजे खोल समुद्रांतला घांसही पोवळ्यांच्या दारावरून जातो. पूर्वीं तेथील घरांच्या भिंतीही पोवळ्यांच्या दगडाच्याच असत.

परंतु सर्वांत मोठा उपकार निराळाच आहे. पावसाळ्यांत अरबी समुद्राच्या लाटा ह्या बेटांवर धांवून येतात, तेव्हां त्यांचा जोर प्रथम बाहेरच्या कंकणावर मोडतो. लाटा कंकणाची झीज करतात. पोवळीं भर घालतात. फुटलेल्या तुकड्यांची रेती होऊन बेटास मिळते. झीज आणि भर यांचें गणित जुळतें तोंपर्यंत बेट आहे. इतर देशांतली जमीन पूर्वजांपासून मिळालेली इस्टेट असते. येथली जमीन रोजच्या मजुरीवर उभी आहे, आणि मजूर आहेत मोहरीएवढे.

एका अंशाचा उष्मा

ह्या संसाराचें मर्म त्या भाडेकरूंत आहे, आणि मोडण्याची जागाही तीच. समुद्राचें पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून अवघें एक अंश सेल्सिअस अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर पेशींतील शैवाल अन्नाऐवजीं अपायकारक द्रव्यें निर्माण करूं लागतें, आणि पोवळें त्यास घराबाहेर काढतें. त्याबरोबर रंग जातो. पारदर्शक मांसांतून पांढराफटक सांगाडा दिसूं लागतो. ह्यास विरंजन म्हणतात. पांढरें पोवळें मेलेलें नसतें, उपाशी असतें. पाणी लवकर निवालें तर भाडेकरू परत येतो व घर सांवरतें. न निवालें तर कांहीं आठवड्यांत उपासमारीनें कुटुंब नष्ट होतें.

१९९८ सालीं जगभर असा उष्मा झाला व लक्षद्वीपांतील पोवळ्यांचा मोठा संहार झाला. पुढें २०१० व २०१६ सालीं, आणि पुनः २०२४ सालीं तेंच संकट आलें. एकदां झालेली हानि भरून यावयास दहा-पंधरा वर्षें लागतात; येथें तर घाव भरण्यापूर्वींच नवा घाव. अगत्ती, कडमत व कवरत्ती येथील प्रवाळभित्तींचें १९९८ पासून जवळजवळ चोवीस वर्षें जें निरीक्षण झालें, त्यांत जिवंत पोवळ्यांचें आच्छादन सुमारें निम्म्यानें घटलेलें आढळलें. त्यांतच आपण जाळलेल्या कोळशाचा व तेलाचा कार्बन वायु समुद्रांत विरघळून पाण्याचें स्वरूप बदलतो, व चुनखडी बांधण्याचें काम अधिक कष्टाचें होतें. समुद्राची पातळी तर वाढतच आहे. भर घालणारे हात निम्मे झाले आणि झीज मात्र वाढली.

ह्याचा अर्थ काय होतो हें परळी नांवाच्या एका लहानग्या निर्जन बेटावरून कळतें. बंगारम् कंकणांतील हें बेट १९६८ सालीं ०.०३२ चौरस किलोमीटर होतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तें संपूर्ण झिजून पाण्याखालीं गेल्याचें दिसून आलें. तेथें कोणी राहत नव्हतें, म्हणून कोणाचें घर गेलें नाहीं, इतकेंच समाधान.

उपाय अगदींच नाहींत असें मात्र नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें भारतांतील प्रवाळभित्ति बांधणाऱ्या पोवळ्यांस आज वाघाच्याच बरोबरीचें संरक्षण आहे. तीं तोडणें, विकणें हा गुन्हा आहे. मुंबईस किनाऱ्यालगतच्या नव्या रस्त्याचें काम चाललें असतां २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील पोवळ्यांच्या कांहीं वसाहती शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं उचलून दुसरीकडे लाविल्या गेल्या. पोपटमाशासारखे झाडूवाले जेथें राखले जातात, सांडपाणी व गाळ जेथें दूर ठेवितात, तेथें पोवळीं संकटानंतर लवकर सांवरतात असा अनुभव आहे. लक्षद्वीपांतही दोन उष्म्यांच्या मधल्या काळांत कित्येक ठिकाणीं नवीं पोवळीं उगवून आलीं. परंतु हे उपाय म्हणजे आजाऱ्याची शुश्रूषा. ताप उतरविण्याचें काम निराळें आहे. तो ताप समुद्रकांठच्या कोळ्यानें आणलेला नाहीं. तो आपल्या सर्वांच्या, बेटापासून शेंकडों कोसांवरच्या चुली, गिरण्या आणि गाड्यांच्या धुरानें चढला आहे.

घरांतील मुलानें पुन्हां कधीं तो तांबडा मणि हातीं घेऊन प्रश्न केला, तर आतां त्यास उत्तर देतां येईल. हा दगड नव्हे, झाडही नव्हे. हें एका कुटुंबाचें बांधलेलें घर आहे. आणि त्याच जातकुळीच्या कुटुंबांनीं बांधलेल्या जमिनीवर आज साठ-पासष्ट हजार माणसांच्या विहिरी, शाळा, नारळाच्या बागा आणि पाळणे आहेत. मुलें अशा वेळीं बहुधा पुढचा प्रश्न विचारतात: “मग आपण काय करावयाचें?” त्याचें उत्तर ज्या त्या घरानें आपल्या दिव्याच्या व इंधनाच्या खर्चाकडे पाहून स्वतःच द्यावयाचें आहे.